डावखुरी शिवण

गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात तिने असा दणका दिला की ताईंच्या हातातला खडू कापडावर तिरका सरकला. मग इंजिनचा पट्टा घसरल्याची किंकाळी, आणि पाठोपाठ एक लालभडक, बुटकी, दोन दारांची गाडी दुकानासमोर येऊन थांबली. थांबली म्हणजे काय, दोन हुंदके देऊन गप्प झाली.

"आई! बघ तरी!"

ठकू गाडीतून उतरली नाही, उगवली. गाडी जमिनीला इतकी धरून होती की आतल्या माणसाला आधी पाय बाहेर काढून मग कमरेवर हात ठेवून वर यावं लागत होतं. सव्वीस वर्षांची ताईंची एकुलती एक लेक. सोमवारी चार तासांवरच्या शहरात नव्या नोकरीवर रुजू व्हायची होती. दर शनिवारी घरी येईन म्हणाली होती, आणि ते कशातून येणार हे तिने आजपर्यंत पोटात ठेवलं होतं.

"ही?" ताई म्हणाल्या.

"हीच. लहानपणी भिंतीवर चित्र लावलं होतं ना, तीच. तेवीस वर्षांची आहे."

"म्हणजे तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. आणि तुझ्यापेक्षा जास्त खोकते."

ठकू हसली. ताईही हसल्या. लेकीच्या चेहऱ्यावर असा उजेड बऱ्याच दिवसांत पडला नव्हता, आणि त्यावर फुंकर मारायला जीभ उचलेना.

ताईंचं दुकान गाड्यांच्या सीट-कव्हरांचं. नवरा गेला तेव्हा ठकू सात वर्षांची होती आणि मागे राहिलं होतं ते एक जाड कापडाचं शिलाई मशीन. शिकवायला कुणी नव्हतं. ताई जुनी कव्हरं उसवायच्या, उलटी करून बघायच्या, पुन्हा शिवायच्या. शिवता शिवता हात बसला. त्यात त्या डावखुऱ्या, म्हणून हाताने घातलेले त्यांचे टाके इतरांसारखे न झुकता उलट बाजूला झुकायचे. धंद्यातली माणसं हसायची. ताई म्हणायच्या, टाका कुठे झुकतो त्यापेक्षा तो सुटतो की नाही ते बघा.

पलीकडच्या गाळ्यात त्यांच्या दिराचं गॅरेज. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे, ताईसुद्धा. मिस्त्रींची एक पद्धत होती. तपासलेल्या गाडीची दुखणी ते कागदावर लिहीत नसत. ओल्या साबणाच्या तुकड्याने थेट पुढच्या काचेवर लिहीत, तीन ओळींत: 'आज', 'या महिन्यात' आणि 'चाललंय तोवर'. "वही मिटता येते," ते म्हणायचे, "काच मिटता येत नाही. गिऱ्हाइकाला समोर दिसलंच पाहिजे."

लाल गाडीचं बॉनेट उघडून ते अर्धा तास आत डोकं घालून बसले. मधूनच नुसतं "अरेरे" ऐकू यायचं.

"काका, तू डॉक्टरसारखा आवाज काढू नकोस," ठकू म्हणाली.

"डॉक्टर निदान पेशंटला आधी भेटतो. मला तू गाडी घेतल्यावर दाखवतेस." मिस्त्रींनी साबण भिजवला. "तेल गळतंय, वरच्या झाकणाच्या रबरातून. ते स्वस्त. पाणी पिते, म्हणजे एक तर रेडिएटर किंवा हेड गॅस्केट. रेडिएटर असेल तर तुझा अर्धा पगार. गॅस्केट असेल तर दीड. क्लच घसरतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला, काही कागद दिलाय?"

"नाही."

"मग तो आजच. तो तुटला की इंजिन आतल्या आत स्वतःलाच मारून घेतं. पुढच्या चाकांची सगळी रबरं मेलेली आहेत, म्हणून खड्ड्यात बोंबलते. आणि हा डावा दिवा लाव बघू."

ठकूने बटण दाबलं. बॉनेटमध्ये लपलेल्या दोन दिव्यांपैकी उजवा टकदिशी वर आला. डावा अर्ध्यातच अडकला.

"डोळा मारतेय तुला, काका."

"या वयात मला कुणी मारू नये." मिस्त्रींनी दिवा 'चाललंय तोवर'मध्ये टाकला. "एकूण तुझे तीन पगार. पण पत्रा बरा आहे, चेसिस सरळ. मरणार नाही. नुसती खात राहील."

समोरच्या रस्त्यावर तेवढ्यात ड्रायव्हिंग शिकवणीची पांढरी गाडी आचके देत आली आणि रोजच्यासारखी बरोबर दुकानासमोर बंद पडली. चाकामागे घामाघूम झालेली एक बाई. शेजारी शिकवणीवाले मास्तर, एक हात समोरच्या डॅशबोर्डवर टेकलेला, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "क्लच, बाई, क्लच," ते शांतपणे म्हणत होते. "घाबरू नका. मी आहे ना."

सगळे हसले. पांढरी गाडी उडी मारून पुढे गेली.

"आई, सीटा मात्र तू शिवायच्या हं," ठकू म्हणाली. "फाटल्यात. काळ्या कापडावर लाल दोरा. उद्या दुपारपर्यंत?"

ताई टेप घेऊन चालकाशेजारच्या सीटवर बसल्या. बसल्या कसल्या, पडल्या. आत जुन्या रबराचा आणि कुठल्या तरी गोड सेंटचा वास होता. त्यांनी सीटची रुंदी घेतली, पाठ घेतली, आणि मान वर केली तर समोर डॅशबोर्ड होता. काळा, बारीक दाण्याच्या रेक्झिनने मढवलेला, नीटनेटका. गाडीतली ही एकच गोष्ट म्हातारी दिसत नव्हती.

ताईंनी टेप मांडीवर ठेवला.

डाव्या कोपऱ्यात, जिथे मशीनची सुई पोचत नाही, तिथे हाताने घातलेले सात टाके होते. सातही टाके उलट बाजूला झुकलेले.

त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मग हळूच वळून स्टीअरिंगच्या मधल्या गोल टोपीकडे पाहिलं. तीही त्याच रेक्झिनची. कडेला पुन्हा तेच टाके.

"काय गं, गप्प का?" ठकूने खिडकीतून डोकं घातलं.

"माप घेतेय."

माप त्यांनी केव्हाच घेतलं होतं.

सहा वर्षांपूर्वी पांढरा शर्ट दुकानात यायचा. नाव ताईंना ठाऊक नव्हतं. जुन्या गाड्या घेऊन विकणारा, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. तो गाडी कधी आणत नसे. चादरीत गुंडाळलेलं बोचकं आणायचा. आत सुटा काढलेला डॅशबोर्ड आणि स्टीअरिंगवरची टोपी, दोन्ही मधोमध फाटलेली, आतून काहीतरी जोरात बाहेर पडल्यासारखी. ताईंनी पहिल्यांदा विचारलंही होतं, "अपघातात फुगतात त्या पिशव्या इथेच असतात ना? मग ती जागा?"

"त्या मागाहून बसवतो, ताई. तुम्ही वरचं बघा. गुळगुळीत झालं पाहिजे, आणि दोरा एकदम मजबूत."

ताईंनी फाटलेल्या जागी फोम भरला, वरून रेक्झिन ताणलं, तिहेरी नायलॉनच्या दोऱ्याने शिवलं. काम चांगलं व्हायचं. पैसे रोख, हातावर. ठकूच्या कॉलेजची ती वर्षं होती. मग एक दिवस दोऱ्याच्या घाऊक व्यापाऱ्याने गप्पांत सहज सांगितलं की त्या जागेला मुद्दाम कच्चा दोरा लागतो, पिशवी फुगली की पटकन तुटणारा. पक्का घातला तर पिशवी बाहेरच येत नाही.

त्या दिवशी ताई जेवल्या नाहीत. पक्का दोरा मागणाऱ्याला आत पिशवी नाही हे माहीत असतं, आणि आता ते त्यांनाही माहीत झालं होतं. शेवटी एका बोचक्याला त्यांनी सांगितलं, नजर कमी झाली, बारीक काम जमत नाही. पांढरा शर्ट हसला, त्यांच्या नजरेबद्दल हळहळला आणि पुन्हा आला नाही. झालं. ताईंनी ते थांबवलं होतं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं. गाड्या त्यांनी पाहिल्याच नव्हत्या, आणि न पाहिलेल्या गाड्यांचं ओझं माणूस बराच काळ पेलू शकतो.

दुपारी त्या गॅरेजमध्ये गेल्या. मिस्त्री लाल गाडीखाली आडवे होते, नुसते पाय दिसत होते.

"मिस्त्री, एक विचारू? ती फुगणारी पिशवी असते ना गाडीत. समजा एखाद्या जुन्या गाडीत नवी बसवायची झाली, तर?"

"कुणाच्या?"

"एक गिऱ्हाईक विचारत होतं."

"गिऱ्हाइकाला सांगा, नवी गाडी घे." पाय हलले. "एक पिशवी नसते, वहिनी. दोन पिशव्या, त्यांना फुगायचा हुकूम देणारी पेटी, सीटचे पट्टे, कारण एकदा झटका बसला की तेही कामातून जातात. जुन्या गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. म्हणून तर लोक चालढकल करतात."

"आणि हिच्यासारखी असेल तर?"

"हिच्यासारखीला मिळतच नाहीत. पार्ट बंद झाले." पाय एकदम थांबले. "हिच्या पिशव्यांना काय झालं?"

"काही नाही. म्हटलं, हिच्यासारखी."

चोरून दुरुस्त करून लेकीच्या हवाली करायचा रस्ता तिथेच संपला. आपल्या गाठीचं सगळं द्यायची त्यांची तयारी होती. पण न मिळणारी वस्तू पैशाने येत नाही.

मग त्यांनी दुसरा रस्ता धरला, सोपा आणि वाईट.

"परत कर ती गाडी," संध्याकाळी भाजी चिरताना त्या म्हणाल्या.

"का?"

"खर्चिक आहे. तीन पगार गिळणार. आणि बाईमाणसाला दोन दारं काय कामाची?"

"बाईमाणसाला?" ठकूने कांदा खाली ठेवला. "तू? तू म्हणतेस हे? पुरुषांच्या धंद्यात वीस वर्षं काढलेली बाई?"

"तसं नाही गं."

"मग कसं? आयुष्यात पहिल्यांदा मला हवी म्हणून एक गोष्ट घेतली. गरजेची नाही, स्वस्त नाही, शहाणपणाची नाही, नुसती हवी म्हणून. तू एकदा तरी म्हणालीस का, छान आहे?"

"छान आहे," ताई म्हणाल्या, आणि ते इतकं खरं होतं की त्यांना रडू फुटायची वेळ आली. ठकूने त्या आवाजाचा भलताच अर्थ लावला आणि ताट वाढून न घेता उठली.

जाता जाता दारातून म्हणाली, "उद्या सीटा झाल्या की पहिली चक्कर आपण दोघींनी मारायची. हायवेपर्यंत. तू पुढे बसायचंस. रागावली असलीस तरी."

रविवारी सकाळी सीटा तयार होत्या. लाल दोरा सरळसोट गेला होता. ताईंच्या हाताने कधी एवढं चांगलं काम केलं नव्हतं, आणि प्रत्येक टाक्याला त्यांना वाटत होतं की आपण एखाद्याला सजवतोय. तो विचार त्या पुरा होऊ देत नव्हत्या.

मिस्त्रींनी सीटा बसवल्या. टायमिंग बेल्ट नवा होता, पट्ट्याची किंकाळी गेली होती. काचेवरची साबणाची 'आज'ची ओळ त्यांनी अंगठ्याने पुसली. ठकू चाकामागे बसली, केस मागे बांधून, वाढदिवसाच्या पोरीसारखी.

"काका, दिवे बघ. सगळे नीट विझतात."

तिने किल्ली फिरवली. स्टीअरिंगमागच्या काचेत लाल-पिवळे दिवे लागले, इंजिन गुरगुरलं, दिवे गेले.

"पुन्हा लाव," ताई म्हणाल्या.

"का?"

"लाव. पण किल्ली अर्धीच. इंजिन चालू करू नकोस."

मिस्त्रींनी वळून वहिनींकडे पाहिलं. ठकूने किल्ली अर्धी फिरवली. दिवे लागले. तेलाचा, बॅटरीचा, आणि त्यांच्यामध्ये एक छोटा, बसलेल्या माणसासमोर चेंडू असल्यासारखा.

"हा चेंडूवाला," ताई म्हणाल्या, "इंजिन बंद असलं तरी आपला आपण पाच-सहा सेकंदांत विझायला हवा. हो ना, मिस्त्री?"

मिस्त्री खिडकीतून आत वाकले. तिघंही त्या दिव्याकडे बघत राहिले. कुणीतरी मनात मोजत होतं. दहा झाले. वीस झाले. दिवा हलला नाही.

"चालू कर," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले.

इंजिन सुरू झालं. तेलाचा दिवा आणि चेंडूवाला दिवा एका क्षणी, हातात हात घालून गेले.

"तेलाच्या वायरला जोडलाय." मिस्त्रींचा चेहरा उतरला. "माझ्या लक्षात कसं नाही आलं? पण वहिनी, तुम्हाला..."

ताईंनी बॉनेटवर पडलेला साबणाचा तुकडा घेतला, बादलीत बुडवला आणि डाव्या हाताने, पुसलेल्या 'आज'च्या जागी लिहायला लागल्या. अक्षरं मोठी आणि वाकडी आली. लिहून झाल्यावर त्या बाजूला झाल्या.

ठकू इंजिन बंद करून उतरली, समोर येऊन उभी राहिली आणि तिने वाचलं.

'पिशव्या नाहीत. आत फोम. शिवण माझी.'

तिने 'माझी' या शब्दावर बोट ठेवलं.

"तुझी म्हणजे?" ठकू म्हणाली.

ताईंनी टाके उसवायची कटर खिशातून काढली, आत बसल्या आणि डाव्या कोपऱ्यातल्या पहिल्या टाक्याखाली घातली. तिहेरी दोरा, सहा वर्षं झाली तरी घट्ट. एकेक टाका कापताना दोन्ही हात लागले. रेक्झिन सुटलं. आतून पिवळा पडलेला फोम वर आला, आणि त्याच्या एका बाजूला निळ्या फुलांच्या कापडाची चिंधी चिकटलेली होती.

ठकूने ती चिंधी बघितली. "ही आपल्या दिवाणाची गादी."

"फोम कमी पडला होता."

"ती मी कॉलेजात असताना तू टाकून दिलीस. म्हणालीस, ढेकूण झालेत."

"हो."

"ढेकूण नव्हते."

"नव्हते."

ताईंना वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ठकू फक्त त्या भोकात हात घालून बघत राहिली, कोपरापर्यंत, जणू आत अजून काही सापडेल. मग हात बाहेर काढून तिने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पहिल्या काहींच्या वेळी नव्हतं. शेवटच्या तिन्हींच्या वेळी होतं. ही त्या तिन्हींतली."

"काही? किती शिवलीस?"

याचं उत्तर दुकानात खिळ्याला टांगलेलं होतं. प्रत्येक कामाच्या रेक्झिनचा एक चौकोनी तुकडा ताई तारेत ओवून ठेवायच्या, पुढे रंग जुळवायला लागतो म्हणून, आणि तुकड्याच्या मागे बॉलपेनने खूण लिहायच्या. ठकूने तो जुडगा आणला. पांढऱ्या शर्टाचे तुकडे वेगळ्या तारेत होते. वेगळ्या तारेत का ठेवले, हे ताईंनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

ठकू एकेक तुकडा उलटा करून वाचायला लागली. तिचा आवाज हजेरी घेणाऱ्या बाईसारखा सपाट झाला होता.

"काळा, बारीक दाणा, बुटका डॅशबोर्ड. ही झाली. तपकिरी, लाकडी पट्टी. हिरवट, खूप रुंद, कपाचे दोन खळगे. काळा, जाड दाणा. आणखी काळा." ती मोजत होती. "करडा, कोपरा तुटका. राखाडी, मधोमध गोल घड्याळ..."

"थांब," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी तो तुकडा तिच्या हातातून घेतला आणि उजेडात धरला. राखाडी, निळसर झाक. "गोल घड्याळ. बंद पडलेलं, पाच वाजून दहा मिनिटांवर. मागच्या महिन्यात मी त्याचे ब्रेक केले. मी स्वतः त्या डॅशबोर्डवर पाना ठेवला होता." त्यांनी ताईंकडे पाहिलं. "वहिनी, ही मास्तरांची. शिकवणीची."

ताईंना आधी ते नुसतं ऐकू आलं. मग कळलं. रोज, दिवसातून आठ-दहा वेळा, त्यांच्या डोळ्यांसमोरून. ज्यांना ब्रेक कुठे आहे तेही धड माहीत नाही अशी माणसं त्या चाकामागे बसवून. आणि त्या रोज शटरच्या सावलीत बसून त्या आचक्यांना हसत होत्या.

"आज रविवार," ठकू म्हणाली. "आज बंद असेल."

"रविवारीच जास्त असतात," मिस्त्री म्हणाले. "नोकरीवाले."

तोच कोपऱ्यावरून गिअर खरवडल्याचा आवाज आला. पांढरं नाक वळलं, भलतंच रुंद वळण घेऊन, आणि गाडी सरळ झाली. आज चाकामागे एक नवा माणूस होता, दोन्ही हातांनी चाक आवळून धरलेला. गाडी नेहमीपेक्षा वेगात होती. खड्ड्याच्या अलीकडे एक ट्रक उभा होता.

ताई पळाल्या. गेल्या कित्येक वर्षांत त्या पळाल्या नव्हत्या. चप्पल दुकानाच्या पायरीवरच राहिली. हातात उसवायची कटर होती, मुठीत निळ्या फुलांची चिंधी, आणि त्या रस्त्याच्या बरोबर मध्ये, ट्रक आणि गाडी यांच्यामध्ये, दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या.

"आई!" मागून ठकू ओरडली. कालपासून पहिल्यांदा ती नेहमीच्या आवाजात आई म्हणाली होती.

पांढरी गाडी आली. नव्या माणसाचे डोळे वटारलेले होते. पायाखाली तो काय शोधत होता कोण जाणे, ते त्याला सापडत नव्हतं. शेजारी मास्तर ताईंकडे बघून ओळखीचं हसले, जरा पुढे झुकले, आणि सवयीने आपला हात समोरच्या डॅशबोर्डवर टेकवला. डाव्या कोपऱ्यात. नेमका तिथल्या तशाच उलट्या टाक्यांवर.

"घाबरू नका," काचेआडून त्यांचे ओठ हलताना ताईंना दिसले. "मी आहे ना."